जुना हातगोळा सापडला तर: मिल्स ३६ कसा ओळखावा आणि काय करू नये

विहिरीचा गाळ काढताना, पाया खणताना किंवा भंगाराच्या ढिगात मुठीत मावेल असा लोखंडी गोळा दिसला आणि अंगावर चॉकलेटच्या वडीसारखे चौकोन असले, तर हात मागे घ्या. तो मिल्स ३६ असू शकतो.

बर्मिंगहॅमच्या विल्यम मिल्स यांच्या १९१५ मधल्या हातगोळ्याची ही सुधारलेली आवृत्ती. भारतीय सैन्याने ती अनेक दशके वापरली. तिची जागा घेणारे मल्टी-मोड हातगोळे नागपूरच्या कारखान्यातून २०२१ मध्ये सैन्याकडे गेले.

अंग ओतीव बिडाचे, उंची सुमारे साडेनऊ सेंटिमीटर, वजन पाऊण किलोच्या आसपास. एका बाजूने खाली उतरणारी लोखंडी पट्टी म्हणजे लिव्हर. डोक्याशी दोन कान, त्यांतून आरपार पिन, पिनेला कडी. चौकोनांच्या रेषांवरच गोळा फुटतो हा समज चुकीचा आहे. त्या रेषा हाताला पकड मिळावी म्हणून आहेत. बीड वाटेल तसे फुटते.

धोका गंजातच आहे. पिन लिव्हरला धरते आणि लिव्हर आतल्या दाबलेल्या स्प्रिंगला. बारीक पिन आधी कुजते, स्प्रिंग मात्र ताणात राहते; ती सुटली की आतली वात पेटते. शिवाय ‘३६ एम’ हा प्रकार मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) हवेसाठी लाखेने बंद केलेला होता. वरून खपली धरलेला गोळा आतून कोरडा असू शकतो. म्हणून पाण्याच्या बादलीत टाकून तो निकामी होत नाही. उचलून लांब फेकू म्हणाल, तर तेवढा वेळ मिळेलच असे नाही: वात पेटल्यापासून स्फोटापर्यंतचे सात सेकंद १९४० नंतर चारवर आणले गेले.

माती झटकू नका, घासू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका. जेसीबी चालू असेल तर बंद करा आणि चालकाला खाली उतरवा. आलात त्याच वाटेने मागे फिरा, वाटेत काठीला फडके बांधून खूण ठेवा. लोकांना किमान १०० मीटर, शक्यतो भिंतीआड, न्या आणि तिथूनच ११२ ला फोन करा. आकार, रंग, पिन दिसते का आणि कोणी हलवला का, हे सांगा. बॉम्बशोधक व नाशक पथक त्यावरून तयारीने येते.

कोणी तो आधीच घरी आणला असेल, तर दुचाकीच्या डिकीत घालून पोलीस ठाण्यात मुळीच नेऊ नका. जिथे ठेवलाय तिथेच राहू द्या, घर रिकामे करा. पांढरा रंग किंवा भोके दिसली तर तो सरावाचा असेलही, पण तो निवाडा पथकाचा. भंगारवाल्याने पितळेच्या आशेने त्यावर हातोडा घालणे, हे सगळ्यांत वाईट.