मॉरिशसच्या समुद्रावर तान्हुल्याला नेताना: घड्याळ भारताचंच ठेवा

मे महिन्याच्या सुट्टीत परदेशातला समुद्र म्हटलं की आधी थायलंडमधल्या फुकेतचं पॅकेज पुढे केलं जातं. कडेवर मूल असेल तर ते बाजूला सारा. मेपासून तिथे नैऋत्य मोसमी वारे सुरू होतात आणि पश्चिम किनाऱ्यावर लाल बावटे दिसायला लागतात. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे तिथे मे म्हणजे उन्हाळा आणि वादळं सरल्यानंतरचे, हिवाळ्याआधीचे निवांत दिवस. मुंबईहून थेट विमानाने साधारण सहा तास लागतात. दिवाळीची सुट्टीही चालते. जानेवारी ते मार्च मात्र चक्रीवादळांचे महिने. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्राचं पाणी २२-२३ अंशांवर येतं. मोठ्यांना ते छान वाटतं, दीड वर्षाचं मूल दहा मिनिटांत कुडकुडायला लागतं.

तिकीट आणि पासपोर्ट

बाळाला स्वतःचा पासपोर्ट लागतो. अर्जासोबत दोन्ही पालकांच्या सह्यांचं अ‍ॅनेक्शर डी (पालकांचं घोषणापत्र) द्या, आणि मूल चार वर्षांखालचं असेल तर पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो काढून सोबत न्या. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून जवळ ठेवा. खरी मेख तिकिटात असते. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसून कमी भाड्यात जातं, पण दुसरा वाढदिवस सहलीच्या मध्येच येत असेल तर परतीला स्वतंत्र सीट घ्यावी लागते. हे बुकिंग करतानाच सांगा, काउंटरवर कळलं तर महागात पडतं.

हॉटेलआधी लगून बघा

मॉरिशसभोवती प्रवाळाची भिंत आहे. लाटा बाहेरच फुटतात, आत उथळ, संथ लगून राहतं. भरती-ओहोटीचा फरकही जेमतेम अर्धा मीटर, त्यामुळे कोकणात पाणी लांबवर आत-बाहेर होतं तसं इथे होत नाही. पण ही भिंत सगळीकडे अखंड नाही. दक्षिणेला ग्रि-ग्रिला ती तुटलेली आहे. तिथे फक्त बघायला जा, पाण्यात पाय घालू नका. लगूनमध्येही भिंतीला जिथे खिंड असते तिथून पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून पोहण्यासाठी बोये (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा) लावून आखलेल्या पट्ट्यातच राहा. स्पीडबोटीही त्याच्या बाहेर असतात.

मुलासाठी उत्तरेला त्रू-ओ-बिश किंवा माँ-श्वाझी, नाहीतर पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाक. पूर्वेचा बेल-मार सुंदर आहे, पण जून ते सप्टेंबर तिथे वारा इतका असतो की वाळू मुलाच्या डोळ्यांत जाते. विमानतळ आग्नेय टोकाला आहे. तिथून उत्तरेला सव्वा तास, फ्लिक-आँ-फ्लाकला तासभर. टॅक्सी ठरवतानाच मुलाचं वय आणि वजन सांगून चाइल्ड सीट मागा. 'सीट आहे' या शब्दावर जाऊ नका, फोटो मागवा. बऱ्याचदा मोठ्या मुलाचा नुसता बूस्टर (उंच बैठक) घेऊन येतात.

दीड तासाची युक्ती

मॉरिशसचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. बरेच पालक पहिल्याच दिवशी मुलाला तिथल्या वेळेवर आणायला जातात आणि तीन दिवस चिडचिडीत घालवतात. आणूच नका. घरी सात-साडेसातला उठणारं मूल तिथे साडेपाच-सहाला उठेल. मेमध्ये सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. दूध-खाणं उरकून सातला पाण्यावर पोहोचलात की ऊन कोवळं, वारा कमी आणि किनारा रिकामा. साडेनऊला परत खोलीत. दुपारची झोप तिथल्या साडेअकराला लागेल, म्हणजे जाळणारं ऊन आपोआप टळतं. साडेतीननंतर पुन्हा तासभर वाळूत.

अडचण फक्त रात्रीच्या जेवणाची. हॉटेलचा बुफे सातनंतर उघडला तर पोराच्या पोटात तोवर साडेआठ वाजलेले असतात. त्याला सहालाच खोलीत जेवू घाला. यासाठी किटली आणि फ्रिज असलेली खोली घ्या, शक्यतो छोटं स्वयंपाकघर असलेली. तिथल्या सॉकेटला ब्रिटिश पद्धतीची चौकोनी तीन पिन लागते, अ‍ॅडॉप्टर न्या.

पाणी आणि वाळू

साधा डायपर पाण्यात फुगून गुडघ्यापर्यंत लोंबतो. स्विम डायपर शी अडवतो, शू अडवत नाही. म्हणून तो खोलीतून घालून निघू नका, पाण्याच्या काठावर बदला. वर लांब बाह्यांचा स्विमसूट. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ३० ते ५०. चेहरा-मानेला अर्धा छोटा चमचा, कान आणि पावलांचा वरचा भाग विसरू नका. निघण्याच्या पंधरा मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. डासांचं क्रीम लावायचं असेल तर ते सनस्क्रीननंतर.

सार्वजनिक किनाऱ्यांवर सुरूची झाडं आहेत, अगदी आपल्याकडच्या सुरूबनासारखी. सावली विरळ असते, ऊन झिरपतं, आणि खाली पडलेली काटेरी बोंडं तळपायाला टोचतात. चटई जाड घ्या.

पाण्यात बुटाशिवाय सोडू नका, कापडी मोजे नव्हे, रबरी तळाचे बूट. तळाशी समुद्री साळिंदर (काटेरी गोळ्यासारखा सी-अर्चिन) आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश असतो. काटा लागला तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवा (आधी स्वतःचा हात घालून बघा, मुलाची कातडी लवकर भाजते) आणि लगेच दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेचा क्रमांक ११४.

दंडाला लावायचे हवेचे पट्टे आणि रिंग ही खेळणी आहेत, सुरक्षा नव्हे. मूल हात लांबवल्यावर हाताला लागेल इतक्याच अंतरावर हवं, आणि एका वेळी एकाच मोठ्या माणसावर ती जबाबदारी ठरवून द्या. 'सगळे बघतायत' म्हणजे कोणीच बघत नसतं. लगूनपेक्षा हॉटेलचा पूल जास्त धोक्याचा, कारण तिथे आपण सैलावतो. बुडणारं मूल ओरडत नाही. तळमजल्यावरची खोली सामानाला सोयीची, पण अंगणाच्या दाराची कडी मुलाच्या हाताला येते का, ते आत शिरताच तपासा.

डायपरमध्ये गेलेली वाळू ओल्या वायपने पुसली की कातडी सोलवटते. गोड्या पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, मग मांडीच्या घड्यांत थोडं कॉर्नफ्लॉवर भुरभुरवा. उरलेली वाळू आपसूक झडते.

खाणं आणि औषधं

तिथला ढोलपुरी हा पदार्थ म्हणजे आपल्या पुरणपोळीचा गोडाशिवायचा भाऊ: डाळ भरलेली मऊ पोळी, मुलांना फार आवडते. घेताना 'सां पिमां', म्हणजे मिरची नको, एवढं सांगा. नाचणीसत्त्व आणि खिचडीचं तयार पीठ सीलबंद न्या. हापूसची पेटी मात्र घरीच ठेवा. ताजी फळं, भाज्या आणि बियाणं परवान्याशिवाय नेता येत नाही.

ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवा. पेल्याभर पाण्यात घातलं तर मीठ जास्त होऊन मूल आणखी आजारी पडतं. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्याचमच्याने. उरलेलं २४ तासांनी टाका. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२० आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदीत मिळतं. ११ किलोच्या मुलाला १६५ मिलिग्रॅमचा डोस असेल तर पहिल्यातून जवळपास ७ मिली, दुसऱ्यातून ३.३ मिली. निघण्याआधी डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे मिली लिहून घ्या, तो कागद बाटलीलाच रबराने बांधा आणि सोबत सिरिंज ठेवा. हॉटेलच्या चमच्याने मोजू नका.