पास जमिनीत का जातो? लॅक्रॉसच्या जाळीची दुरुस्ती (माझा अनुभव)

साताऱ्याच्या पावसात आठवडाभर सराव झाला की क्लबात लॅक्रॉस (काठीच्या टोकाच्या जाळीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ) खेळणाऱ्या पोरांचे पास जमिनीत जायला लागतात. दोष बहुतेकदा हाताचा नसतो, जाळीचा असतो. मऊ जाळी भिजून ताणली जाते, खिसा (जाळीचा चेंडू बसतो तो खोलगट भाग) खोल होतो, चेंडू उशिरा सुटतो. चेंडू खिशात ठेवून काठी डोळ्यांसमोर आडवी धरा. मुलग्यांच्या काठीत चेंडूचा माथा कडपट्टीच्या (जाळीभोवतीच्या चौकटीच्या बाजूच्या पट्टीच्या) खालच्या कडेखाली गेला, तर ती नियमबाह्यच. (मुलींचा नियम याहून कडक.) जाळीच्या तळाची, म्हणजे दांड्याकडच्या टोकाची दोरी साधारण १ सेंटिमीटर ओढून गाठ मारा. फरक नाही? मग सर्वांत वरची शूटिंग स्ट्रिंग (जाळीच्या वरच्या भागात आडवी ओवलेली दोरी) सैल करा, घट्ट असली की चेंडू तिथे अडतो. एका वेळी एकच दोरी, मग भिंतीवर २० पास. वाळवायची सावलीत, चेंडू काढून.