समुद्राकाठच्या शहरात बिऱ्हाड हलवताना: पुणेकर कुटुंबाने मुंबईत वस्ती कशी निवडावी

पुण्यात भाड्याचे घर शोधताना पाणी किती वेळ येते, शाळेची बस दारापर्यंत येते का आणि दुचाकी लावायला जागा आहे का, एवढे विचारले की बहुतेक काम भागते. मुंबईत बदली झाली की मात्र तोच माणूस सर्वांत आधी विचारतो, "समुद्र किती लांब आहे?" लहान मुले आणि वडीलधारी माणसे बरोबर नेणाऱ्या कुटुंबाचे या प्रश्नाने भागत नाही. भर पावसात, ऐन भरतीच्या वेळी आपले मूल शाळेतून घरी कोणत्या रस्त्याने येणार, या प्रश्नापासून वस्तीचा शोध सुरू करावा, असे सात वर्षे मुंबईत संसार करून कोथरूडला परतल्यावर माझे ठाम मत झाले आहे.

पुण्यातही पाणी शिरते. सिंहगड रस्त्यावरील नदीकाठच्या सोसायट्यांनी जुलै २०२४ मध्ये ते सोसले आहे. परंतु आपल्याकडे पाणी शिरते ते ओढ्याची वाट अडल्याने किंवा धरणातून विसर्ग सोडल्याने. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे पाण्याला पुढे उतरायला जागा असते. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्या समुद्रात आणि खाडीत मोकळ्या होतात, आणि भरतीची पातळी त्यांच्या मुखापेक्षा वर गेली की पाणी बाहेर पडण्याऐवजी आतच तुंबते. साडेचार मीटरहून मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आला की हिंदमाता, शीव, किंग्ज सर्कल, अंधेरी सबवे, मिलन सबवे ही नावे बातम्यांत येतात ती यामुळेच. इर्ला, लव्हग्रोव्ह, हाजी अली येथील पंपिंग स्टेशनांमुळे आणि हिंदमाता परिसरातील भूमिगत टाक्यांमुळे पूर्वीपेक्षा पाणी लवकर ओसरते, परंतु सखल भाग सखलच राहतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुणे शहरात वर्षभरात सरासरी जेवढा पडतो त्याहून हा एका दिवसाचा पाऊस अधिक होता.

कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे, तो घर शोधणाऱ्याने पाठच करावा. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला, म्हणजे पंधराव्या तिथीला, हा हिशेब सव्वाअकरावर, भर दुपारच्या तोंडावर येतो, आणि त्या दिवशी व पुढचे दोन-तीन दिवस भरती सर्वांत मोठी असते. म्हणजे मुंबईत सर्वांत मोठ्या भरत्या दुपारी बारा-एकच्या आसपास येतात, आणि सकाळच्या सत्राच्या शाळा सुटण्याची व दुपारच्या सत्राच्या भरण्याची वेळही नेमकी हीच असते. मुले असलेल्या घराने ही सांगड कधीही नजरेआड करू नये.

आमच्याकडून ती नजरेआड झाली. पहिले घर आम्ही फेब्रुवारीत, संध्याकाळच्या वाऱ्यावर पाहिले. खाडी पंधरा मिनिटांच्या अंतरावर होती, गच्चीवरून पाणी दिसत होते, आणि आम्ही त्याच आठवड्यात टोकन दिले. आवाराच्या भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीवर एक मळकट, सरळ रेघ होती. रंगाचा जुना हात असेल असे समजून मी तिच्याकडे दुर्लक्ष केले. जुलैमध्ये एका दुपारी आमच्या सात वर्षांच्या मुलीची शाळेची बस घरापासून दोन वळणे अलीकडे थांबली आणि अडीच तास तिथेच उभी राहिली. गुडघाभर पाण्यातून बसपर्यंत पोहोचलो तेव्हा ती खिडकीच्या गजांना धरून उभी होती, आणि तिच्या डब्यातला उरलेला पोळीचा तुकडा तिने शेजारच्या लहान मुलाला दिला होता. परत येताना भिंतीकडे पाहिले, तर पाणी त्याच रेघेला टेकले होते.

म्हणून घर पाहायला शक्यतो दीप अमावास्या ते नारळी पौर्णिमा या दिवसांत, त्यातही अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या पुढच्या एखाद्या कामाच्या दिवशी जावे. सकाळी डेक्कन क्वीनने निघाले तर साडेदहाच्या आत दादरला उतरता येते आणि भरतीच्या वेळी ठरलेल्या वस्तीत उभे राहता येते. पावसाळ्याखेरीज जावे लागले तर खुणा वाचाव्यात. तळमजल्यावरील दुकानांच्या उंबऱ्यावर विटांची बुटकी भिंत घातलेली आहे का, विजेचे मीटर खांद्याच्या वर चढवलेले आहेत का, वॉचमनची केबिन चौथऱ्यावर उचललेली आहे का, रस्ता वारंवार उंचावल्यामुळे इमारतीचे आवार रस्त्यापेक्षा खाली गेले आहे का, हे पाहावे. ब्रोकरला "येथे पाणी भरते का?" असे विचारून उपयोग नसतो. त्याऐवजी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला किंवा वाण्याला "गेल्या पावसाळ्यात किती दिवस सामान वर उचलावे लागले?" असे विचारावे; ज्याचे स्वतःचे नुकसान झालेले असते तो दिवस मोजून सांगतो.

यानंतर शाळा. मुंबईत घर आणि शाळा रेल्वेमार्गाच्या एकाच बाजूला असावीत, हा नियम मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. पूर्व आणि पश्चिम हे शब्द तेथे नुसती दिशा दाखवत नाहीत, मधला पूल किंवा सबवे ओलांडायला लागणारा वेळही सांगतात. नकाशावर एक किलोमीटर दिसणारे अंतर पावसाळ्यात सबवे बंद झाला की तासाभराचे होते. त्यामुळे आधी शाळेचा प्रवेश पक्का करावा आणि मगच तिच्याभोवती, मूल आजीचा हात धरून चालत जाऊ शकेल एवढ्या टप्प्यात घर पाहावे. मराठी माध्यमाचा किंवा मराठी वातावरणाचा आग्रह असलेल्या पालकांसमोर दादरचे बालमोहन विद्यामंदिर, विलेपार्ल्याचे पार्ले टिळक विद्यालय अशी जुनी नावे असतातच. परंतु शाळेच्या नावापेक्षा शाळेच्या फाटकापासून घरापर्यंतचा पदपथ आधी पाहावा, आणि तो शाळा सुटण्याच्या वेळी स्वतः चालून पाहावा.

नोकरीच्या प्रवासाचा विचार लोकलच्या मार्गानुसार करावा. पश्चिम, मध्य आणि हार्बर यांपैकी ज्या मार्गावर कार्यालय आहे त्याच मार्गावर घर असले, तर गर्दीत गाडी बदलावी लागत नाही. मेट्रोने हे चित्र काहीसे बदलले आहे. वर्सोवा–घाटकोपर मार्ग २०१४ पासून पूर्व-पश्चिम जोडतो, आणि आरेपासून कफ परेडपर्यंतची भूमिगत मेट्रो २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. पुणेकरांच्या सहसा लक्षात न येणारी गोष्ट अशी की वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत, म्हणून दादर-माहीम भागात रात्री आजारी मुलाला डॉक्टरकडे न्यायचे तर टॅक्सी किंवा स्वतःची गाडी हाच पर्याय असतो. बालरोगतज्ज्ञ चालण्याच्या अंतरावर असणे तेथे म्हणूनच अधिक मोलाचे ठरते.

इमारतीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण खारा वारा घराचे काय करतो हे पुण्यात राहून कळत नाही. पुण्याहून नेलेल्या आमच्या लोखंडी कपाटाच्या खालच्या कडेला पहिल्याच पावसाळ्यानंतर बोटाला लागेल असा तांबूस पापुद्रा सुटू लागला होता, आणि आईने पुण्याच्या गच्चीत कडक वाळवून दिलेल्या कुरडया डब्याचे झाकण घट्ट असूनही सादळल्या. जे कपाटाचे होते तेच स्लॅबमधल्या सळ्यांचेही होते. हवेतील क्षार आणि ओलावा काँक्रीटमधून सळईपर्यंत पोहोचला की ती गंजून फुगते आणि तिच्यावरचे काँक्रीट सोडवते. म्हणून बाल्कनीच्या तळाशी, जिन्याच्या खालच्या बाजूला आणि पार्किंगच्या खांबांवर सुटलेले पोपडे किंवा उघड्या पडलेल्या सळ्या दिसतात का, ते मान वर करून पाहावे. तीस वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. तिचा अहवाल सोसायटीच्या सचिवांकडे मागण्यात संकोच बाळगू नये. दमा किंवा सर्दीची प्रकृती असलेले मूल घरात असेल तर नैर्ऋत्येकडची भिंत उघडी असलेली खोली त्याला देऊ नये, कारण पावसाचा मारा त्याच बाजूने येतो आणि ओल व बुरशी तेथेच धरते. कपाटांच्या मागे टॉर्च मारून पाहावे. तळमजला टाळावा. पार्किंग तळघरात असेल तर पंप आणि जनरेटर कोठे बसवले आहेत तेही विचारावे. पाणी तळघरात शिरले की सर्वांत आधी लिफ्ट बंद पडते, आणि अकराव्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना त्याचा त्रास सर्वाधिक होतो.

वस्त्यांबद्दल माझी मते स्पष्ट आहेत. शिवाजी पार्कच्या आसपास मैदान, शाळा, वाचनालये, नाटक आणि समुद्र सर्व पायी अंतरावर आहे. भाडे परवडत असेल तर मुलांसाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. विलेपार्ले पूर्वेत दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह आणि जुना मराठी शेजार आहे, मात्र विमानतळ लागून असल्यामुळे आवाज सोसावा लागतो. बोरिवली पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि टेकडीवर पहाटे फिरायची सवय असलेल्या पुणेकराला तेथे लवकर करमते. आजी-आजोबा पुण्यात राहणार असतील आणि त्यांचे येणे-जाणे वारंवार होणार असेल, तर मुलुंड, ठाणे किंवा नवी मुंबई सोयीची पडते, कारण मध्य रेल्वे आणि द्रुतगती मार्ग दोन्ही जवळ आहेत. मुलुंडला कालिदास नाट्यगृह आहे, ठाण्याला गडकरी रंगायतन आहे. कांजूरमार्गच्या कचराभूमीचा वास वाऱ्याबरोबर कोठवर येतो, ते मात्र त्या पट्ट्यात संध्याकाळी उभे राहून तपासावे. नेरूळ-वाशीचे पदपथ सिडकोने आखलेले असल्यामुळे लहान सायकलींना जागा मिळते, आणि भरतीच्या वेळी पावसाचे पाणी सामावून घेण्यासाठी तेथे धारण तलाव राखलेले आहेत. घर अशा तलावाच्या कोणत्या बाजूला आहे ते नीट समजून घ्यावे.

समुद्रकिनारा जवळ असेल तर मुलांना घरचे नियम पहिल्याच दिवशी सांगावेत. पावसाळ्यात पाण्यात पाऊल टाकायचे नाही. त्या महिन्यांत जुहू-गिरगावच्या वाळूवर निळसर, फुग्यासारखे विषारी जीव येतात, त्यांना काठीनेही डिवचायचे नाही. आणि अक्सासारख्या किनाऱ्यावर पाणी कितीही शांत दिसले तरी आत उतरायचे नाही. महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा १९१६ हा क्रमांक मुलांच्या दप्तरात लिहून ठेवावा.

पहिले घर विकत घेऊ नये. अकरा महिन्यांचा भाडेकरार करून एक पूर्ण पावसाळा तेथे काढावा. कराराची नोंदणी महाराष्ट्रात बंधनकारक आहे आणि ती करून देण्याची जबाबदारी घरमालकावर आहे, त्यामुळे साध्या मुद्रांक कागदावर भागवण्याचा सल्ला कोणी दिला तरी मानू नये. लॉक-इन कालावधी, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो, तीन महिन्यांहून अधिक मान्य करू नये, आणि घरात किंवा आवारात पाणी शिरल्यास भाडेकरूला विनादंड घर सोडता येईल असे वाक्य करारात घालून घ्यावे. आमच्या दुसऱ्या घरमालकांनी ते वाक्य तत्काळ मान्य केले आणि पुढची सहा वर्षे आम्ही तेथेच राहिलो. त्याआधी पाहिलेल्या एका घराच्या मालकाने तेच वाक्य खोडायला सांगितले, तेव्हा आम्ही तेथूनच परत फिरलो.