तांबेरा वर चढायच्या आत पंपाचं प्रेशर बघा

मघा निम्मी सरली. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ-हातकणंगल्याकडं सोयाबीन शेंगेवर आलंय, करवीर-कागलला फुलातनं शेंगेत चाललंय. पावसाची झड, मध्येच ऊन, सकाळी पोटऱ्या भिजवणारं दव, असं हवामान लागून राहिलंय. तांबेऱ्याला, म्हणजे सोयाबीनच्या पानांवरच्या बुरशीच्या रोगाला, यापेक्षा सोयीचं काही नाही. पुढचे दोन आठवडे फवारणीचे आहेत, म्हणून या वेळचा सल्ला औषधाचा कमी आणि पाठीवरच्या हातपंपाचा जास्त आहे.

दरवर्षी हेच बघतोय. शेतकरी औषध वेळेत आणतो, मापात टाकतो, दिवसभर चिखलातनं फिरून फवारतो. आठ-दहा दिवसांनी खालची पानं पिवळी पडून गळायला लागतात, शेंगा पोचट राहतात. मग दुकानात गेलं की उत्तर तयार असतं: ते औषध आता चालत नाही, हे नवीन कॉम्बी (दोन औषधं एकात) घ्या, सोबत स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं) घ्या, टॉनिक घ्या. बिल तिप्पट होतं. त्याच शेतकऱ्याचा पंप उघडून बघावा, तर आत वॉशर चिरलेला आणि नोझलच्या जाळीत गेल्या हंगामातली निळसर खपली. पंप शेवटच्या फवारणीनंतर न धुता गोठ्यात अडकवलेला, तो थेट या पावसाळ्यात काढलेला. पीक गेलं ते दोन चहांच्या पैशात येणाऱ्या वॉशरपायी, औषधाचा त्यात काही दोष नव्हता.

तांबेरा खालच्या पानांवर, पानाच्या मागच्या बाजूनं सुरू होतो. बारीक पिंगट फोड येतात, बोट फिरवलं की तांबूस भुकटी लागते. म्हणजे औषध पोचायला पाहिजे ते गर्दीच्या आत, खाली आणि पानामागं. तिथं फक्त बारीक थेंब जातात, आणि बारीक थेंब होतात ते प्रेशरवर. हातपंपाला चौरस सेंटीमीटरला साधारण 2 ते 4 किलो प्रेशर लागतं. कोन नोझलच्या आतल्या चकतीवर पाणी जोरात फिरलं तरच फवारा गोल उघडतो. प्रेशर पडलं की कोन मिटतो, थेंब जाड होतात, वरच्या पानावर बसतात आणि ओघळून सरीत जातात. वरनं पीक ओलं दिसतं, माणसाला वाटतं काम झालं. खाली तांबेरा कोरडाच राहतो.

औषध कालवायच्या आधी एक परीक्षा करा. टाकीत चार लिटर साधं पाणी घ्या, त्यात कपड्याची नीळ टाका. वहीचं कोरं पान फाडून चार तुकडे करा आणि झाडाच्या खालच्या पानांना टाचणीनं लावा, दोन पानाच्या वर, दोन पानाच्या मागं. मग रोजच्या चालीनं फवारत पुढं जा आणि परत येऊन कागद बघा. मागच्या कागदावर निळे बारीक ठिपके दिसले तर पंप कामाचा. वरचा कागद निळ्या ओघळांनी भिजलेला आणि मागचा कोरा असला, तर त्या दिवशी औषधाची बाटली फोडूच नका. आधी पंप उघडा.

दांडा अगदी हलका लागतो, मारत राहिलं तरी जोर धरत नाही, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. सहसा वॉशर गेलेला असतो. पिस्टन बाहेर काढा. टोकाला पणतीच्या आकाराचा रबरी किंवा चामडी वॉशर असतो. काढायच्या आधी त्याचा मोबाईलवर फोटो घ्या, ओठ कुठल्या बाजूला होता ते नंतर आठवत नाही आणि उलटा बसवलेला वॉशर प्रेशर धरत नाही. ओठावरनं अंगठा फिरवा. मऊ आणि सलग लागला पाहिजे. कुठं चीर लागली, कडक झाला असला, किंवा फुगून आत वळला असला तर फेकून द्या. ईसी औषधांत (पाण्यात टाकली की दुधाळ होणारी) जो तेलकट द्रावक असतो तो रबर फुगवतो, आणि रात्रभर टाकीत राहिला की हमखास. चामडी वॉशर वाळून आकसला असेल तर रात्रभर एरंडेल तेलात ठेवा, बहुतेक वेळा परत उभा राहतो. रबरी वॉशरला एरंडेलाचे दोन थेंब चोळून बसवा. रॉकेल, डिझेल, गाडीचं ग्रीस लावू नका, रबर खराब होतं.

वॉशर चांगला असूनही दांडा हलकाच असला तर खालची झडप बघा. तिथं एक गोळी असते, काचेची किंवा स्टीलची. गोळी आणि तिची बैठक यांच्यात वाळूचा एक कण अडकला तरी पंप पाणी ओढत नाही. पंचगंगा, भोगावती, कुंभी, कासारीचं पाणी या दिवसांत लाल गढूळ असतं आणि बहुतेकांची मोटर त्यावरच. त्यात टाकीच्या तोंडातली जाळी काढून फेकलेली, कारण ती असली की पाणी हळू भरतं. ती जाळी परत बसवा. घागर ओतताना वर जुन्या धोतराचं दुपदरी फडकं धरा.

दांडा सोडला की आपोआप वर येत असेल तर परतीची झडप गळते. चेंबरमधलं दाबलेलं पाणी उलटं येऊन पिस्टन ढकलतं. इथंही आधी कचरा, मग झिजलेली बैठक. धुऊन भागलं नाही तर झडप बदला.

दांडा जड आणि फवारा मिणमिणीत असला तर पंप बरा आहे, पुढं कुठंतरी बोळा बसलाय. नोझल काढून पाण्याची धार सोडून बघा. धार जोरात आली तर नोझल किंवा त्याची जाळी तुंबलीय. धारही मंदच आली तर कॉकमधली (फवारा चालू-बंद करायच्या खटक्यातली) जाळी, नाहीतर पाईप आतनं फुगलेला किंवा पट्ट्याखाली मुडपलेला. नोझल साफ करायला तार, सुई, पिन घालू नका. भोक थोडं जरी मोठं झालं तरी फवारा कायमचा बिघडतो. जुना टूथब्रश आणि पाणी पुरतं, फार तर गवताची काडी. आणि कुणीही, कितीही घाई असली तरी, तोंडानं फुंकू नये.

दांडा खाली गेला की जोर, वर आला की मंद, असा फवारा हिसके देत असेल तर प्रेशर चेंबरमधली हवा गेलीय, आत पाणीच भरलंय. पंप पूर्ण रिकामा करा, चेंबर निथळू द्या, परत जोडा. तरी तसंच राहिलं तर चेंबरला तडा आहे.

थोडा वेळ छान चालून फवारा बंद पडतो आणि टाकीच्या बाजू आत ओढल्यासारख्या दिसतात, तेव्हा झाकणाचं हवेचं छिद्र बंद झालेलं असतं. झाकण सैल केलं की सुस्कारा सोडल्यासारखा आवाज येतो आणि पंप चालू होतो. या एका छिद्रापायी नवा पंप घेतलेली माणसं बघितलीत.

परसबागेतला, हवा भरायचा छोटा पंप वेगळा असतो. त्यात टाकीच प्रेशर धरते, म्हणून झाकणाचं रबर सुटलं की सगळंच गेलं. तो गळ्यापर्यंत भरू नका, पाव भाग हवेला मोकळा ठेवा, नाहीतर चार झाडांतच जोर उतरतो. गळती शोधायला हवा भरून सांध्यांवर साबणाचा फेस लावा, बुडबुडा येईल तिथं गळतं. उघडायच्या आधी हवा सोडा.

आता मूळ दुखणं. वर सांगितलेल्यातलं निम्म्याहून जास्त घडतं ते संध्याकाळी पंप न धुतल्यानं. दमून घरी आलेलं माणूस, अंधार पडलेला, जनावरं वैरणीला ओरडताहेत, पंप तसाच राहतो हे मला समजतं. तरीपण सांगतो, शेतातच धुवा, घरी आणूच नका. दोन लिटर पाणी, दांडा मारून नोझलमधनं बाहेर काढायचं. असं तीन वेळा, त्यातल्या एका वेळी चिमूटभर कपड्याची पावडर. धुतलेलं पाणी ओढ्यात, विहिरीकडं किंवा पाटात नको, त्याच पिकावर नाहीतर पडीक बांधावर फवारून टाका. नंतर झाकण उघडं ठेवून पंप सावलीत उलटा टांगा. उन्हात प्लॅस्टिक आणि रबर दोन्ही लवकर मरतात. कॉपर ऑक्सिक्लोराईडसारखी बुरशीनाशक पावडर मारली असेल तर त्या दिवशी धुणं टाळूच नका, सकाळपर्यंत तिची खपली गोळीवर बसते.

न धुतलेल्या पंपाचा दुसरा मार याहून वाईट. उसात 2,4-डी हे तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून सोयाबीन, वांगी, टोमॅटोवर नेला की चार दिवसांत शेंडे पिळवटतात. दुकानात त्याला व्हायरस म्हणून वेगळीच बाटली मिळते. तणनाशकाला पंप वेगळा ठेवा, त्याला लाल रंगाचा पट्टा मारा. एकच पंप असेल तर 10 लिटर पाण्यात साधारण 100 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून ते पाणी पाईप-नोझलसकट रात्रभर भरून ठेवा आणि सकाळी दोन-तीनदा स्वच्छ पाणी काढा. आणि ग्लायफोसेट हे तणनाशक गढूळ पाण्यात कालवू नका, ते मातीच्या कणांना चिकटून बसतं आणि तण हसत उभं राहतं.

औषधाचं थोडक्यात. तांबेऱ्याला हेक्साकोनॅझोल 5 टक्के ईसी किंवा प्रोपिकोनॅझोल 25 टक्के ईसी, दोन्हीपैकी एक, 1 मिली प्रति लिटर. दोन्ही जुनी, स्वस्त आणि आपल्या भागात चाललेली. गरज पडली तर 15 दिवसांनी परत. पण पाणी पुरेसं घ्या. हेक्टरी 500 मिली औषध 500 लिटर पाण्यात, म्हणजे एकराला 200 मिली आणि 200 लिटर, 16 लिटरचे साडेबारा पंप. आपल्याकडं एकरी सात पंपांवर भागवतात. सात पंप म्हणजे 112 लिटर, म्हणजे औषधही 112 मिलीच पडलं. निम्मा डोस देऊन औषध फेल गेलं म्हणायचं, हे बरोबर नाही. पानं खाणाऱ्या अळ्या दिसत असतील तर क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल 18.5 टक्के एससी (पाण्यातलं दाट द्रावण) 3 मिली 10 लिटरला, पण अळी शेतात बघून, दुकानदार म्हणतो म्हणून नव्हे. एका टाकीत चार-पाच बाटल्या आणि वर विद्राव्य खत असली कालवण करू नका. तळाला फुटतं, साका बसतो आणि तोच साका नोझल बंद करतो.

माझा स्वतःचा अंदाज असा, पुस्तकात मिळणार नाही: ओळीनं तीन-चार दिवस नऊ-दहापर्यंत दव उतरलं नाही, तर डाग दिसायची वाट बघू नये. रोज सकाळी शेताच्या सखल कोपऱ्यातली, झाडीच्या सावलीतली खालची पानं उलटून बघावीत. तांबेरा पहिला तिथंच दिसतो. फुले अग्रणी, फुले संगम, फुले किमया या कसबे डिग्रजच्या (सांगली जिल्ह्यातल्या कृषी संशोधन केंद्राच्या) वाणांवर तो उशिरा आणि कमी येतो, पण म्हणून बघायचं थांबवू नका.

या पंधरवड्याची बाकीची कामं:
सोयाबीन – चर काढणे, पाणी साचू न देणे.
भुईमूग – आऱ्या (जमिनीत शिरून शेंग धरणारे दांडे) सुटल्या असतील तर कोळपणी बंद.
भात – पाऊस उघडल्यावर नत्राचा हप्ता, बांध बंदिस्त.
ऊस – पुराचं पाणी ओसरताच निचरा, पडलेला ऊस उभा करून बांधणे.
भाजीपाला – रोगट फळं-पानं वेचून शेताबाहेर पुरणे.

गळणाऱ्या पंपाचं शेवटचं. कॉकमधनं हातावर, झाकणातनं पाठीवर औषध झिरपत असताना लोक दिवसभर फवारतात. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले, ते आठवून तरी पाठ ओली झाली की थांबा. पंप उतरवा, शर्ट काढा, साबणानं अंग धुवा, गळती दुरुस्त झाल्याशिवाय परत पाठीवर घेऊ नका. मजूर लावला असेल तर त्याचा पंप तुम्ही स्वतः आधी पाण्यावर तपासा, हातमोजे आणि तोंडाला फडकं तुम्ही द्या. मळमळ, घाम, डोळ्यांसमोर अंधारी आली तर घरगुती उपाय करत बसू नका, बाटली किंवा तिचं लेबल घेऊन सरळ दवाखाना गाठा.

वॉशर, दोन ओ-रिंगा (सांध्यातली गोल रबरं), नोझलची जाळी आणि एक नवं नोझल एवढं डब्यात घालून घरात ठेवा, भर फवारणीत तालुक्याला पळावं लागत नाही. जुनं नोझल नव्याशेजारी मापानं तपासा: दोन्हींतनं एक-एक मिनिट पाणी काढा, जुन्यातनं दहावा हिस्सा जास्त पडलं तर ते झिजलंय, बदला. डोसाबद्दल शंका असेल तर दुकानात विचारण्याआधी तळसंदे किंवा कणेरीचं कृषी विज्ञान केंद्र, नाहीतर किसान कॉल सेंटर, 1800-180-1551. फोन फुकट आहे आणि तिथं कुणाला बाटली खपवायची नसते.