पडद्याचा ओसीटी सांगितलाय? आईबाबांना घेऊन जाण्याआधी हे वाचा

घरातलं कुणी साठी-सत्तरीतलं माणूस म्हणायला लागलं की पेपरातली मधलीच अक्षरं पुसट दिसतात किंवा खिडकीचे गज वाकडे दिसतात, की आपण आधी चष्म्याचा नंबर तपासतो, मग मोतीबिंदू असेल म्हणून अजून दोन-चार महिने काढतो. मोतीबिंदूत सगळंच धुरकट होतं हो, सरळ रेषा वाकड्या नाही होत. रेषा वाकडी दिसली की एएमडीचा, म्हणजे वयामुळे पडद्याचा मधला भाग खराब होण्याचा, संशय धरायचा आणि थेट पडद्याच्या डॉक्टरकडे, म्हणजे रेटिना स्पेशालिस्टकडे, आणि त्याच आठवड्यात.

घरी बघायचं असेल तर ॲम्सलर ग्रिडचा प्रिंट काढा. १० सेंमीचा चौकोन, त्यात ५ मिमीची घरं, मधे एक ठिपका. वाचायचा चष्मा लावून साधारण ३० सेंमीवर धरायचा, एक डोळा हाताने पूर्ण झाकायचा आणि ठिपक्याकडेच बघत सांगायचं की कुठे रेषा वाकते किंवा गायब होते. दोन्ही डोळे उघडे ठेवून काही कळत नाही कारण चांगला डोळा सांभाळून घेतो, म्हणून तर हा आजार इतका उशिरा सापडतो. पण ग्रिड नॉर्मल दिसला म्हणून निवांत बसू नका, सुरुवातीच्या एएमडीत तो नॉर्मलच येऊ शकतो.

दवाखान्यात आधी नजर तपासतात, मग बाहुली मोठी करायचे ड्रॉप टाकतात, त्याला अर्धा तास तरी धरा. नंतर चार-सहा तास जवळचं दिसत नाही, उजेड सहन होत नाही, त्यामुळे गॉगल न्या आणि बाबांना स्कूटर चालवू देऊ नका, कितीही म्हणाले तरी. काचबिंदूचा त्रास असेल, विशेषतः कुणी अँगल अरुंद आहे असं सांगितलं असेल, तर ड्रॉपच्या आधी सांगा.

पहिला साधा फंडस फोटो, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो. त्यात ड्रुसेन दिसतात, म्हणजे पडद्याखाली साठलेले पिवळट ठिपके. १२५ मायक्रॉन किंवा त्याहून मोठे असले तर ते महत्त्वाचे. बारीक ठिपके एक-दोन असतील तर ते वयाने बऱ्याच जणांना येतात, त्याला घाबरायचं कारण नाही.

खरं काम ओसीटीचं, म्हणजे प्रकाशाने पडद्याच्या थरांचा स्कॅन काढण्याचं. हे तंत्र १९९१ मधे पहिल्यांदा छापून आलं, अमेरिकेत एमआयटीत झालेलं काम, आणि आता पडद्याच्या ओपीडीत याच्याशिवाय पान हलत नाही. सुई नाही, डाय नाही, एक्सरे नाही. इन्फ्रारेड प्रकाश आत जातो, प्रत्येक थरावरून परत येतो आणि त्यावरून आडवा छेद तयार होतो, ५ मायक्रॉनपर्यंतचा बारकावा दिसतो, आडव्या कापलेल्या खारीसारखे पदर. पेशंटने हनुवटी टेकवायची, आतल्या लाईटकडे बघायचं, बस. डोळे कोरडे असतील तर स्कॅनच्या आधी भरपूर पापण्या मिटायला सांगा किंवा टेक्निशियनला ओलाव्याचा ड्रॉप टाकायला सांगा, फोटो लगेच सुधारतो.

आता रिपोर्ट. सगळे जण आधी जाडीचा आकडा बघतात आणि रंगीत नकाशात लाल किती, हिरवा किती ते मोजतात. माझ्या मते आकडा सगळ्यात शेवटी बघावा. आधी काळापांढरा छेद बघा. मधे जो खळगा दिसतो ती बघण्याची नेमकी जागा, आणि खालची पांढरी जाड पट्टी म्हणजे पडद्याला पोसणारा थर. त्या पट्टीखाली टेंगळं दिसली तर ड्रुसेन, हा एएमडीचा ड्राय प्रकार, म्हणजे पाणी नसलेला. थरांच्या मधे किंवा पट्टीच्या वर काळी पोकळी दिसली तर बहुतेकदा ते पाणी, आणि एएमडीत पाणी म्हणजे वेट प्रकाराचा संशय, डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनचा विषय तिथे निघतो. पट्टीच घुमटासारखी उचलली गेली असेल तर रिपोर्टवर पीईडी लिहिलेलं असतं.

आकड्यावर भरवसा का नको, तर तो मधल्या १ मिमीच्या गोलाची सरासरी आहे. एकीकडे पडदा झिजून पातळ झालाय आणि दुसरीकडे थोडं पाणी आहे, तर सरासरी मस्त नॉर्मल येते! शिवाय वेगवेगळ्या कंपनीच्या मशीन जाडी मोजताना खालची रेघ वेगवेगळ्या थरावर धरतात, त्यामुळे नाशिकच्या मशीनचा आकडा पुण्याच्या मशीनशी लावून आईचा डोळा सुजला की सुधारला ते ठरवता येत नाही. जमेल तोवर एकाच मशीनवर करा. सिग्नल स्ट्रेंग्थ पण बघा, बऱ्याच ठिकाणी असलेल्या झाईसच्या सिरस मशीनवर तो १० पैकी असतो आणि ६ च्या खाली असेल तर पुन्हा काढा म्हणून नम्रपणे सांगायचं. मोतीबिंदू पिकलेला असेल तर मात्र टेक्निशियन तरी काय करणार.

डायची टेस्ट, एफएफए, आता सरसकट करत नाहीत. पहिल्यांदा वेटचा संशय असला किंवा नजर आणि ओसीटी जुळत नसले की सांगतात. हाताच्या शिरेत फ्लुरोसिन देतात आणि दहाएक मिनिटं फोटो काढतात, रक्तवाहिनी कुठे गळतेय ते दिसतं. काही तास त्वचा पिवळट दिसते आणि लघवी दिवसभर नारिंगी होते, हे आधी सांगून ठेवा नाहीतर रात्री फोन येतो. मळमळ होऊ शकते म्हणून हलकं खाऊन जा. ॲलर्जी, दमा, किडनीचा त्रास आधीच सांगा. मोठी रिॲक्शन क्वचितच येते, पण येऊ शकते, म्हणून इमर्जन्सीची सोय असलेल्या ठिकाणीच करा. त्याच दिवशी रक्त-लघवी तपासायची असेल तर ती डायच्या आधी.

आयसीजी हा दुसरा डाय, हिरवा, पडद्यामागचा खोल थर दाखवतो. आपल्याकडे याला जास्त महत्त्व आहे, कारण वेट एएमडीसारखाच दिसणारा पीसीव्ही नावाचा प्रकार, ज्यात पडद्याखालच्या रक्तवाहिन्यांना फुगे येतात, आशियाई लोकांत जास्त सापडतो आणि तो आयसीजीतच सगळ्यात स्पष्ट कळतो. इंजेक्शनं देऊनही पाणी आटत नसेल किंवा आत मोठा रक्तस्राव असेल तर पीसीव्ही आहे का हे विचाराच. या डायमधे आयोडीन असतं, त्याची ॲलर्जी असेल तर सांगा.

ओसीटी अँजिओत डाय लागत नाही, रक्तपेशींच्या हालचालीवरून नव्या वाहिन्यांचं जाळं दिसतं. गळती मात्र दिसत नाही, आणि पेशंट जरा हलला की चित्रात खोट्या रेघा येतात. ऑटोफ्लुरोसन्स, म्हणजे डाय न देता पडद्याची स्वतःची चमक टिपणारा फोटो, हा ड्राय प्रकार पुढे गेलेल्यांसाठी, मेलेला भाग त्यात काळा दिसतो आणि तो पसरतोय का ते दर वेळी ताडता येतं.

पैसे भरण्याआधी रेट एका डोळ्याचा की दोन्हीचा ते विचारा, आणि तक्रार एकाच डोळ्याची असली तरी दोन्हीचा स्कॅन करा. स्कॅनच्या सगळ्या छेदांची फाईल पेनड्राईव्हवर मागा, एक पानी रंगीत प्रिंटवर सेकंड ओपिनियन नीट देता येत नाही, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या त्याच्या फोटोत तर बारीक पाणी दिसतच नाही. डॉक्टरांसमोर वेळ कमी मिळतो, तेव्हा एवढंच विचारा की पाणी आहे का, कुठल्या थरात आहे, मागच्या स्कॅनपेक्षा कमी की जास्त, आणि पुढचा स्कॅन कधी. उत्तर तिथेच फाईलवर तारखेसकट लिहून घ्या.