टिनटिन मोठेपणी कसा वाचावा

टिनटिन या तरुण बातमीदाराच्या चित्रकथा क्रमाने वाचायला घेऊ नका. बेल्जियमच्या एका वर्तमानपत्राच्या बालपुरवणीत एर्जे या चित्रकाराने १९२९ मध्ये त्याला जन्माला घातलं, पण सुरुवातीला कथा विस्कळीत आहेत, आणि काँगोच्या पुस्तकातली आफ्रिकी माणसं तर फारच अपमानास्पद काढलेली आहेत. श्रीगणेशा करा तो १९५६ च्या ‘द कॅल्क्युलस अफेअर’ने.

ही गोष्ट आधी साप्ताहिकात पानापानाने आली. म्हणून जवळजवळ प्रत्येक पानाच्या शेवटच्या चौकटीत काहीतरी अधांतरी राहतं. तिथे थांबा. वादळी रात्री वाड्यातल्या काचा, आरसे आपोआप फुटताहेत, ते का? तुमचा तर्क करा, मगच पान उलटा.

बासष्ट पानं आहेत, नुसते संवाद वाचले तर तासाभरात उरकतील. म्हणून दुसऱ्यांदा संवाद सोडून फक्त चित्रं बघा. मी आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवते, त्यामुळे माझी नजर आधी रेघेवर जाते. एर्जेची रेघ माणसाला, मोटारीला, चहाच्या कपाला सारख्याच निगुतीने काढते. छायाप्रकाश जवळपास नाहीच, रंग सपाट. एकही वस्तू ‘माझ्याकडे बघा’ म्हणत नाही! सुगावा इतर वस्तूंसारखाच निमूट पडलेला असतो आणि शोधायचं काम आपल्यावर येतं. मोठ्या माणसाला या पुस्तकांची गोडी लागते ती इथेच.

मग ‘द ब्लू लोटस’ घ्या. १९३१ मध्ये ईशान्य चीनमधल्या मुकदेनजवळ रेल्वेमार्गावर स्फोट घडवून जपानने मंचुरिया बळकावला, तेच कारस्थान यात आहे. एर्जेच्या झांग चोंगरेन या चिनी मित्राच्या मदतीने भिंतींवर खऱ्या घोषणा आल्या. त्यातली एक जपानी मालावर बहिष्कार टाका म्हणते. युरोपातल्या मुलांना ती वाचता येणारच नव्हती, तरी एर्जेने ती चित्रात घेतली. याचं मला फार मोल वाटतं.

‘द कॅस्टाफिओरी एमरल्ड’ मात्र राखून ठेवा. त्यात प्रवास नाही, गुंडांची टोळी नाही. जिन्याची पायरी फुटलेली, गवंडी आज येतो उद्या येतो म्हणतोय, घरातलं एकेक माणूस घसरून पडतंय. घर चालवलेल्या माणसाला यातलं प्रत्येक पान ओळखीचं वाटेल. त्यात पाचू नाहीसा होतो. चोर कोण ते मी सांगणार नाही, पण पहिल्या पानावरून घाईने पुढे जाऊ नका.