विकिपीडियावरचं चरित्र सुधारायचंय? एका वाक्यापासून सुरुवात करा

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. वक्तृत्व स्पर्धेचं भाषण असो, कॉलेजचा प्रकल्प असो नाहीतर जयंतीचा फलक, एखाद्या व्यक्तीची माहिती हवी झाली की मुलं आधी तिथेच जातात. त्यामुळे तिथल्या चरित्रात एक साल चुकलं की ते वहीत उतरतं, फलकावर चढतं, एखाद्या पुरवणीत छापून येतं, आणि पुढे कोणीतरी त्याच पुरवणीचा दाखला देऊन ते साल विकिपीडियावर पक्कं करतं. हे चक्र तोडायला प्राध्यापकच लागतो असं नाही. ग्रंथालयाचं कार्ड, इंटरनेट आणि चिकाटी असलेला विद्यार्थी ते करू शकतो, आणि त्याने ते करावं असं मला मनापासून वाटतं.

उदाहरणासाठी डॉ. आनंदीबाई जोशी यांचं चरित्र घेऊ. नाव घराघरात माहीत आहे, ऐकीव गोष्टी भरपूर आहेत आणि खणखणीत स्रोतही हाताशी आहेत.

आधी वाचा, बदल नंतर

खातं उघडा. खात्याशिवायही संपादन करता येतं, पण खातं असलं की तुमचं काम तुमच्या नावावर राहतं आणि इतर संपादक तुमच्याशी बोलू शकतात. मग लेख उघडून वर दिसणाऱ्या दोन जागा पाहा : ‘चर्चा’ आणि ‘इतिहास’. तुम्ही ज्या तारखेवर हात ठेवणार आहात तिच्यावर आधीच वाद झालेला असेल, तर तो तिथे सापडतो.

आता लेखाची प्रत छापून घ्या आणि पेन्सिल हातात धरा. जिथे जिथे दावा आहे तिथे रेघ मारा. ज्या दाव्याला संदर्भ नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढची दिशा त्यातूनच ठरते.

एक वाक्य घ्या आणि सोडवा

शाळेच्या भाषणांत हमखास येणारं हे वाक्य पाहा : ‘आनंदीबाई या भारतातील पहिल्या महिला डॉक्टर होत्या आणि अवघ्या एकोणिसाव्या वर्षी त्यांनी डॉक्टरकीची पदवी मिळवली.’ यात दोन दावे आहेत, आणि दोन्ही तपासावे लागतात.

वय आधी. जन्म ३१ मार्च १८६५, पदवी ११ मार्च १८८६. म्हणजे पदवी हाती आली तेव्हा त्यांना एकविसावं वर्ष पूर्ण व्हायला वीस दिवस होते. वय वीस, एकोणीस नव्हे. अशी साधी वजाबाकी करायला विकिपीडियाची हरकत नसते. ‘मूळ संशोधन नको’ हा नियम स्वतःचे निष्कर्ष काढण्याविरुद्ध आहे, बेरीज-वजाबाकीविरुद्ध नाही.

‘पहिल्या’ हा शब्द जास्त अवघड. त्याच १८८६ मध्ये कादंबिनी गांगुली यांनी कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातून वैद्यकीय पात्रता मिळवली आणि पुढे अनेक वर्षं प्रत्यक्ष व्यवसाय केला. आनंदीबाईंची नेमणूक कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात झाली होती, पण क्षयामुळे त्यांना तिथे काम करता आलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. रखमाबाई राऊत लंडनमधून १८९४ मध्ये डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत, राजकोट इथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. मग ‘पहिल्या’ म्हणजे कशात? पदवीत, परदेशी पदवीत, की रुग्ण तपासण्यात? ‘अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवलेल्या पहिल्या भारतीय स्त्री’ असं नेमकं लिहिलं की वाक्य टिकतं. आनंदीबाईंचं मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही, आणि इतर दोघींवर अन्यायही होत नाही.

स्रोत कुठे शोधायचे

खरा वेळ इथे द्या. आनंदीबाईंच्या निधनाच्या पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, कॅरोलाइन डॉल यांनी लिहिलेलं इंग्रजी चरित्र बॉस्टनमध्ये छापलं गेलं. ते इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येतं. शोधताना एक अडचण येते : जुन्या इंग्रजी कागदपत्रांत ‘जोशी’ आडनावाच्या शेवटी दोन ‘ई’ असतात आणि डॉल यांच्या पुस्तकाच्या नावात तर ‘आनंदाबाई’ छापलं आहे. आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर निम्मं साहित्य हातून निसटेल. सगळी रूपं टाकून शोधा.

मराठीत काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेलं चरित्र आहे. लेखिका आनंदीबाईंच्याच पिढीतल्या, त्यामुळे त्याचं मोल वेगळं. अलीकडच्या काळात अंजली कीर्तने यांनी आनंदीबाईंवर स्वतंत्र संशोधन करून मोठा ग्रंथ लिहिला. तो जिल्हा ग्रंथालयात किंवा कॉलेजच्या ग्रंथालयात मागून पाहा. पटकन ताडून पाहायला मराठी विश्वकोश आहेच, तो ऑनलाइन आहे. अमेरिकेतल्या वर्षांसाठी फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाचा संग्रह पाहा. आनंदीबाई शिकल्या त्या वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेन्सिल्व्हेनियाची जुनी कागदपत्रं आज तिथे जपलेली आहेत, आणि त्यात प्रवेशासाठी त्यांनी १८८३ मध्ये लिहिलेलं पत्रही आहे.

पत्र हा प्राथमिक स्रोत, म्हणजे त्या व्यक्तीच्या स्वतःच्या हातचा. त्यात त्यांनी काय लिहिलं एवढंच तुम्ही सांगू शकता. त्यावरून त्यांच्या मनात काय चाललं असेल हे सांगायचं असेल, तर ते एखाद्या अभ्यासकाने लिहिलेलं असलं पाहिजे आणि संदर्भ त्या अभ्यासकाचा द्यायला हवा.

इथे सगळ्यात जास्त विद्यार्थी फसतात ते कादंबरीपाशी. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ १९६८ ची; त्याच नावाचा चित्रपट २०१९ चा. दोन्हींनी आनंदीबाईंना घरोघरी नेलं. पण कादंबरीतला आनंदी आणि तिचे पती गोपाळराव यांचा संवाद लेखकाने रचलेला आहे. तो घटना म्हणून चरित्रात घालता येत नाही. कादंबरीचा उल्लेख करायचा तर ‘साहित्य आणि चित्रपटांत’ अशा वेगळ्या भागात करा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर, कोणाचाही ब्लॉग, यूट्यूबवरचं भाषण आणि दुसऱ्या भाषेतला विकिपीडिया यांपैकी काहीच स्रोत म्हणून चालत नाही. इंग्रजी लेखातला संदर्भ उपयोगी वाटला, तर तो मूळ ग्रंथ स्वतः उघडा आणि मगच लिहा.

दोन चांगले स्रोत एकमेकांशी जुळत नसतील तर? आनंदीबाईंचं जन्मस्थळ कुठे पुणे, तर कुठे कल्याण असं दिलेलं आढळतं. अशा वेळी न्यायाधीश होऊ नका. दोन्ही लिहा, कोणतं कोणी म्हटलंय ते सांगा, दोन्हींना संदर्भ द्या.

पान क्रमांक आणि शके

‘अमुक पुस्तक’ एवढाच संदर्भ अपुरा. पान क्रमांक हवा. स्कॅन केलेल्या पुस्तकात पडद्यावर दिसणारा क्रमांक आणि कागदावर छापलेला क्रमांक यांत फरक असतो, कारण मुखपृष्ठ आणि प्रस्तावना पडद्यावर मोजली जातात. छापलेला क्रमांक घ्या. आवृत्तीही नोंदवा, दुसऱ्या आवृत्तीत पानं सरकतात.

जुन्या मराठी पुस्तकांत साल शकात असतं. शकात ७८ मिळवायचे एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. पण शक चैत्रात बदलतो, म्हणून जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तारखांना ७९ मिळवावे लागतात. आनंदीबाई गेल्या तो फाल्गुन शके १८०८ चा. ७८ मिळवलेत तर १८८६ येईल, म्हणजे पदवी मिळाली त्या आधीच त्यांचं निधन झालं असं होईल. ७९ मिळवा, १८८७ येतं. जुन्या चरित्रांमधल्या कित्येक चुका अशाच एका वर्षाच्या असतात.

लिहायचं कसं

मजकूर आधी आपल्या ‘धूळपाटी’वर लिहा. ते तुमचं सरावाचं पान. स्रोत वाचा, पुस्तक मिटा आणि मग स्वतःच्या शब्दांत वाक्य लिहा. चार शब्द इकडचे तिकडे करून उतरवलेलं वाक्य कॉपीच ठरतं. यंत्राने केलेलं भाषांतर जसंच्या तसं चिकटवू नका, ते वाचणाऱ्याला दोन ओळींत कळतं.

‘यांनी’, ‘त्यांचा’ असा आदरार्थी बहुवचनी उल्लेख मराठीत स्वाभाविक आहे, तो ठेवा. ‘थोर’, ‘महान’, ‘तेजस्वी’, ‘धगधगतं जीवन’ काढून टाका. वाचकाला आदर वाटावा असं वाटत असेल तर तपशील द्या : नवव्या वर्षी लग्न, जन्मलेलं मूल काही दिवसांतच गेलं, १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने, पतीशिवाय, अमेरिकेला प्रस्थान. याच्यापुढे विशेषणाची गरज उरत नाही.

व्यक्ती हयात असेल तर नियम फार कडक आहेत. वादग्रस्त किंवा बदनामीकारक मजकुराला भक्कम स्रोत नसेल तर तो लिहायचाच नाही, आधीपासून असेल तर काढायचा. स्वतःचे नातेवाईक, शिक्षक, गावातले पुढारी यांच्यावर लिहिणं टाळा. सुचवायचंच असेल तर चर्चा पानावर सुचवा.

जोडा, थांबा, उत्तर द्या

लेखात एका वेळी एकच बदल करा. ज्या वाक्याला स्रोत आहे त्या वाक्याच्या शेवटीच संदर्भ लावा, परिच्छेदाच्या टोकाला नको. वेब पान असेल तर त्याची साठवलेली प्रतही जोडा, कारण दुवे मरतात. बदल प्रकाशित करण्याआधी आढाव्याची छोटी चौकट असते, तीत काय केलं ते लिहा : ‘पदवीची तारीख दुरुस्त, डॉल १८८८ चा संदर्भ जोडला.’ ज्या दाव्याला स्रोत सापडत नाही तो लगेच उडवू नका, त्यावर ‘संदर्भ हवा’चा साचा, म्हणजे तयार खूण, लावा.

चित्र लावायचं तर आधी कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहात, बघा. ऑक्टोबर १८८५ मधलं, आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली अशा तिघी एकत्र असलेलं छायाचित्र स्वामित्वहक्कमुक्त आहे. वर्तमानपत्रातून किंवा चित्रपटाच्या पोस्टरवरून काही उचलू नका.

तुमचा बदल कोणी उलटवला तर पुन्हा तोच बदल करत बसू नका. चर्चा पानावर स्रोत आणि पान क्रमांक देऊन कारण विचारा, शेवटी स्वाक्षरी करा. तिथे उत्तर मिळालं नाही तर ‘चावडी’वर, म्हणजे सगळ्या संपादकांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, विचारा. लेख निरीक्षणसूचीत टाका, म्हणजे पुढे कोणी तारीख बदलली तर तुम्हाला समजेल. मग छापलेली प्रत काढा आणि पुढच्या प्रश्नचिन्हाकडे वळा.